गिवपचा पाचवा अर्थ

शब्दकोश टेबलावर पालथा घालायचा, त्याच्यावर खडूचा तुकडा ठेवायचा आणि वर्गाकडे बघून म्हणायचं, "अर्थ मागून. आधी मानूस दाखवा." हिंगोलीच्या आमच्या खासगी शाळेत इंग्रजीचा तास वर्षानुवर्षं असाच सुरू झाला. शब्दकोश मोठा होता, जुना होता, आणि माझी खात्री आहे की तो मास्तरांना तोंडपाठ होता. पण मुलांसमोर तो त्यांनी कधी उघडा ठेवला नाही.

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. छापलेल्या कागदावर आपलं नाव आलेलं त्यांना खपलं नसतं, आणि गावही त्यांना नुसतं मास्तरच म्हणायचं. शाळेत आम्ही सात शिक्षक होतो. बाकीच्या सहांना 'अमके मास्तर', 'तमके मास्तर' असं म्हणावं लागे. मी त्या सहांतला. गणित शिकवायचो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षी रुजू झालो तेव्हा मला वाटत होतं की शाळेत सगळ्यात शिस्तीचा माणूस आपणच. ते वाटणं पहिल्याच आठवड्यात गेलं.

मास्तर शिरड शहापूरच्या शेतकरी घरातले. अंगात कोपरावर ठिगळ लावलेला कोट, डोक्याला काळी टोपी आणि पाय असे रुंद की गावातल्या चांभाराला त्यांच्या मापाच्या वहाणा वेगळ्या काढाव्या लागत. हैदराबादेत शिकून आलेले. इंग्रजी तर यायचंच, उर्दू अक्षर इतकं सुरेख की कचेरीतले लोक बघायला मागत. बोलणं मात्र शिरडचंच राहिलं. वर्गात इंग्रजी, पटावर उर्दू आणि तोंडात बांधावरची मराठी. एकदा मी त्यांना विचारलं, "मास्तर, ह्या निजामाच्या राज्यात आपल्या पोरांना सगळं उर्दूतून शिकायला लावतात त्याचा तुम्हाला राग येतो, आणि तुम्हीच उर्दू इतक्या प्रेमानं लिहिता?" ते म्हणाले, "भाषेनं आपलं काय बिघडवलं? भांडण हुकमाशी हाय."

हुकूम हा शब्द उच्चारताना त्यांची मान थोडी वर जायची. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल. बसा म्हटलं की उभा राहील, पण कुणाचं काम अडलं असेल तर सांगायच्या आधी धावेल.

आता पटाची गोष्ट. हजेरीचा पट सरकारी नियमाप्रमाणे उर्दूत भरायचा. आलेल्याला 'हाजिर', न आलेल्याला 'गैरहाजिर'. घंटा झाली की मास्तर पहिलं नाव पुकारत, आणि शेवटचं नाव होईपर्यंत जो आत नसेल तो त्या दिवशी गैरहाजिर. मग तो दारात धापा टाकत उभा असला तरी त्याला बसू देत, शिकवत, पण पटावरचं अक्षर बदलत नसत. शाळेच्या चालकांच्या मुलाला त्यांनी असं महिन्यात चार वेळा गैरहाजिर केलं. चालक स्वतः आले, खुर्चीत बसले, चहा घेतला आणि विषय न काढता निघून गेले. विषय काढायची सोयच नसायची.

शिक्षकांचा पट वेगळा, तोही त्यांच्याकडे. एकदा श्रावणात ते गावाहून येत असताना ओढ्याला पाणी आलं. कमरेपर्यंत भिजून, वहाणा हातात घेऊन ते शाळेत पोचले तेव्हा घंटा होऊन गेली होती. त्यांनी दिवसभर सहा तास घेतले आणि संध्याकाळी स्वतःच्या नावापुढं गैरहाजिर लिहिलं.

"अहो, तुम्ही माझ्यासमोर उभे आहात!" मी ओरडलोच.

"घंटेला नव्हतो," ते म्हणाले आणि शाई टिपली.

मला त्यांचा राग यायचा. हे मोकळेपणानं सांगतो. इतकं खरं वागणारा माणूस शेजारी असला की आपलं साधं वागणंही मळकं दिसायला लागतं.

पण त्यांच्या इंग्रजीच्या तासाला मी भिंतीला कान लावून बसायचो हेही खरं. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर, हे मुलांना मान्य होतं. पण असल्या साध्या क्रियापदाला 'अप' चिकटलं की इंग्रजीचं डोकं फिरतं, असं त्यांचं मत होतं. दहावीच्या वर्गाला दरवर्षी 'गिव्ह अप' यायचं. मुलं त्याचा एकच शब्द करून 'गिवप' म्हणायची. मास्तर त्याचे पाच अर्थ फळ्यावर एकाखाली एक लिहीत आणि प्रत्येकापुढं रेघ ओढत. त्या रेघेवर गावातल्या माणसाचं नाव आलं पाहिजे. ज्यानं ते खरोखर केलंय असा, मुलांनी डोळ्यांनी पाहिलेला माणूस. तोवर अर्थ वहीत उतरवायचा नाही.

पहिला अर्थ, सवय सोडणे. त्याला आमचा शिपाई काशिनाथ. काशिनाथनं तंबाखू सोडली होती. आपलं नाव इंग्रजीच्या वहीत चढलं हे कळल्यावर तो घंटा द्यायला जातानासुद्धा छाती काढून चालायला लागला. तीन महिन्यांनी एका पोरानं त्याला विहिरीमागं चंची उघडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्या वर्गाला काशिनाथचं नाव खोडायला लावलं. काशिनाथ दारात हात जोडून उभा. "मास्तर, एकच चिमूट व्हती. तुमी इंग्रजीतून काढू नका, घरची हसतेत." मास्तर म्हणाले, "पुन्ना सोड. पुन्ना लिवतो." काशिनाथनं पुन्हा सोडली, आणि ह्या वेळी मात्र कायमची. पोरांच्या वह्यांत त्याचं नाव एकदा खोडलेलं आणि एकदा लिहिलेलं असं दोनदा असायचं.

दुसरा अर्थ, आपली जागा दुसऱ्याला देणे. पूर्णेच्या गाडीत एका बाळंतिणीला जागा देऊन हिंगोलीपर्यंत उभा आलेला एक कापडाचा व्यापारी त्याला मिळाला होता. तिसरा अर्थ, कोडं सुटत नाही म्हणून नाद सोडणे. त्याला मी. मास्तरांनी घातलेलं एक भूमितीचं कोडं मी आठ दिवस झुंजून टाकून दिलं होतं, आणि त्यांनी ते वर्गाला सांगितलं. माझ्याच विद्यार्थ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत माझं नाव वहीत उतरवलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "सोडवा, काढून टाकतो." कोडं अजून सुटलेलं नाही.

चौथा अर्थ, आशा सोडणे. त्याला हकीम, आणि साक्षीला कोंडाबाई. शाळेच्या फाटकापाशी ताक विकायला बसणारी ही म्हातारी. हकिमानं तिची नाडी सोडून दिली होती, लेकांनी तिला खाली घोंगडीवर घेतलं होतं, आणि ती तिथून उठून सात वर्षं ताक विकत होती. आपल्यावर इंग्रजीत धडा आहे हे ऐकून ती एकदा थेट वर्गात आली.

"काय रं मास्तर, मला विंग्रजीत काय म्हनून राहिला?"

"तुला न्हाई आजी, हकिमाला. त्यानं तुझी आशा सोडली असं."

"त्यानं सोडली," कोंडाबाई म्हणाली, "मी कुठं सोडली? ते बी लिवून घ्या." आणि अख्ख्या वर्गानं ते लिहून घेतलं.

राहिला पाचवा. आपल्या माणसाला धरून सरकारच्या हवाली करणे. मास्तर तो अर्थ लिहीत, रेघ ओढत आणि थांबत. "ह्याला कोन?" दरवर्षी मुलं डोकं खाजवायची. एका वर्षी एकानं सांगितलं की अमक्या पाटलानं चोर धरून दिला. "चोर धरून देनं येगळं. आपल्या मानसाला देनं म्हंतो मी." मास्तर खडू खाली ठेवत. "ह्या अर्थाला आपल्या गावात मानूस न्हाई. जागा रिकामी सोडा."

मी हिशेबी माणूस. मला रिकामी जागा बघवत नाही. "परीक्षेत आलं तर पोरं काय लिहितील?" मी विचारलं. "लिवतील, मानूस सापडला न्हाई म्हनून," ते म्हणाले.

थावराचा वर्ग दहावीला आला ते निजामाच्या राज्यातलं आमच्या शाळेचं शेवटचं वर्ष. थावरा कळमनुरीच्या वाटेवरच्या एका बंजारा तांड्यातला. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेलेलं, बाप शेतीला लागलेला, आणि हा बाराव्या वर्षी पहिल्यांदा शाळेत आलेला. दहावीत आला तेव्हा त्याला मिसरूड चांगलं फुटलं होतं. खांद्यानं तो माझ्यापेक्षा रुंद होता. पहिल्या दिवशी त्यानं मास्तरांना विचारलं होतं, "मास्तर, मानूस तांड्यातला दाखवला तं चालते का?" मास्तर चिडले. "काहून न्हाई चालत? तांडा काय आभाळात हाय?" त्या दिवसापासून थावरा मास्तरांचा झाला.

त्या हिवाळ्याचं काय सांगू? पैनगंगेच्या पलीकडं, वऱ्हाडात, देश स्वतंत्र झाला होता. अलीकडं आम्ही अजून निजामाच्या राज्यात होतो. बायकापोरांना घेऊन लोक नदी ओलांडत होते. रस्त्यानं बंदुका घेतलेल्या टोळ्या फिरत, आणि बाजाराला गेलेला माणूस परत येईपर्यंत घरात कुणी जेवत नसे. गावोगावी पोरं शिंदीची झाडं तोडायला निघाली होती. शिंदीच्या रसाची दारू म्हणजे सरकारचं उत्पन्न. झाड पडलं की राज्याला कुठंतरी लागायचं. आणि सापडलं त्याला तुरुंग, तुरुंगाच्या आधी मार.

एके सकाळी घंटा झाली आणि दहावीच्या अठ्ठावीस मुलांपैकी अकराच वर्गात होती. कयाधूच्या काठानं नरसीकडं शिंदीची रांग होती. कडब्याच्या गाडीत कुऱ्हाडी लपवून गाडी थावरानं हाकली होती, हे आम्हाला मागून कळलं. पण तेव्हाही न कळण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांनी अठ्ठावीस नावं नेहमीसारखी पुकारली. उत्तर आलं नाही तिथं ते नेहमीइतकंच थांबले आणि पुढं गेले. अकरा मुलांना त्या दिवशी गिवप शिकवलं.

मधल्या सुट्टीत ते पट घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर बसून भरायला लागले. मी वाकून बघितलं. हाजिर. हाजिर. हाजिर. अठ्ठावीस वेळा. त्या सुरेख अक्षरात.

"मास्तर," मी म्हटलं, "हे काय?"

"खोटं हाय," ते म्हणाले. मान वर केली नाही. "पैल्यांदा लिवतोय, म्हनून हात जड चाललाय."

मी दार लावून घेतलं. दुसरं काय करायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सतराही मुलं घंटेच्या आधी हजर, अकरांच्या वह्यांतून कालचं गिवप उतरवून घेत. मी त्यांचे हात पाहिले. शिंदीचा काटा सुईसारखा असतो. तळवे, मनगटं, दंड, सगळं ओरबाडलेलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि वर्गाच्या दारातून मोठ्यानं हाक दिली, "काशिनाथ, कोयते काढ! आज इंग्रजीचा तास कुंपणावर!"

शाळेभोवती बाभळीच्या काट्यांचं जुनं कुंपण होतं. ते मोडून नवं घालायचं असं त्यांनी सगळ्या शाळेला सांगितलं. पाचवीच्या लेकरांपासून दहावीच्या बाप्यांपर्यंत सगळी काटे ओढायला लागली. मी लांब उभा होतो.

"गणितवाल्याच्या हाताला काटे चालत न्हाईत का?" मास्तर म्हणाले आणि माझ्या हातात एक फांदी दिली. मला ते वेड वाटलं. मी पुटपुटत, शिव्या घालत काटे ओढले. तास खरोखरच चालू होता. कुंपणाच्या ह्या टोकाहून मास्तर ओरडत, "पैला अर्थ?" त्या टोकाहून सतरा गळे ओरडत, "काशिनाथ!" काशिनाथ लाजून कोयता खाली ठेवी. "चौथा?" "हकीम!" फाटकापाशी कोंडाबाई ताकाच्या मडक्यावर हात ठेवून म्हणे, "आनि मी!" दुपारपर्यंत शाळेत एकाचाही हात धड राहिला नाही. मास्तरांच्या तळव्यातून रक्त येत होतं आणि ते कोटाला पुसत होते.

तिसऱ्या दिवशी एक अंमलदार आला, बरोबर दोन शिपाई. नाव त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्यानं पट मागितला, बोट ठेवून वाचला, आणि दहावीच्या वर्गात जाऊन म्हणाला, "सब लोग हाथ दिखाव."

अठ्ठावीस मुलांनी हात पुढं केले. अठ्ठावीसही ओरबाडलेले. अंमलदारानं बाहेरून पाचवीतलं एक लेकरू आणवलं, त्याचेही तसेच. मग मास्तरांनी न विचारता आपले दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. आणि ते काटे कशासाठी होते हे मला तेव्हा कळलं.

"आप बोलिए," तो माझ्याकडं वळला. "ये अट्ठाईस के अट्ठाईस लड़के उस दिन हाजिर थे?"

खोलीत सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मला शूरासारखं काही बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी म्हटलं, "पट पे जो है, वही है, साब."

अंमलदाराला इंग्रजी थोडं येत होतं. पटाच्या शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काय शिकवलं ते लिहिलेलं होतं. त्यानं ते वाचलं आणि हसला. मुलांमधून त्यानं नेमका थावराला उठवला. एवढा थोराड मुलगा कुणाच्याही डोळ्यांत भरला असता.

"गिव्ह अप. क्या पढ़ा? बताव."

थावरा उठला. हात मागं बांधले नाहीत, पुढंच ठेवले. एकेक अर्थ आणि एकेक माणूस सांगत गेला. काशिनाथचं नाव खोडून पुन्हा का लिहिलं ते सांगितलं. व्यापारी सांगितला. तिसऱ्याला माझ्याकडं न बघता माझं नाव घेतलं. कोंडाबाईचं ऐकून एका शिपायानं तोंड फिरवून हसू दाबलं.

"और एक माना है," अंमलदार म्हणाला. "किसी को सरकार के हवाले करना. उसकी मिसाल?"

थावरानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"साब," थावरा म्हणाला, "उस माने को हमारे गाँव में आदमी नहीं है. मास्तर जगा खाली छोड़ते."

हे त्याला कुणी पढवलेलं नव्हतं. दरवर्षी फळ्यावर जे असायचं तेच त्यानं सांगितलं. अंमलदारानं मागच्या बाकावरची एक वही उचलली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांत चार नावं आणि पाचवी रेघ कोरी. त्यानं वह्या खाली टाकल्या, पट टेबलावर आदळला आणि मास्तरांच्या अगदी तोंडाजवळ जाऊन म्हणाला, "मास्टर साब, ये जगा तुमसे भरवाऊँगा."

"कोशिश कर लीजिए," मास्तर म्हणाले. असं गुळगुळीत उर्दू मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

आठ दिवसांनी शाळेची परवानगी गेली. दाराला कुलूप लागलं आणि मास्तरांना घरून नेलं. कुलूप लागायच्या आधी मी दोन्ही पट कोटाखाली घालून घरी आणले आणि ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरले. माझ्या आयुष्यात बेकायदा म्हणावं असं मी केलेलं तेवढंच एक काम. बायकोनं विचारलं, "काय लपवून राहिले?" मी म्हटलं, "मास्तरांचं खोटं." तिनं वरून आणखी दोन पायल्या ज्वारी ओतली.

सतरा मुलं त्याच आठवड्यात पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. त्यातलं एकही सापडलं नाही. तुरुंगात मास्तरांपुढं रोज एक कागद यायचा. पट खोटा आहे एवढं लिहा, सतरा नावं घाला, सही करा आणि घरी जा. हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांच्या कोठडीत असलेल्या एका माणसानं नंतर सांगितलं. मास्तर रोज तो कागद वाचायचे, त्यातल्या उर्दूच्या चुका दुरुस्त करायचे आणि सही न करता परत द्यायचे. त्याबद्दल त्यांना काय मिळालं ते त्या माणसानं सांगायला सुरुवात केली तेव्हा मी त्याला थांबवलं.

सप्टेंबरात राज्य गेलं. मास्तर सुटून आले ते काठी टेकत. ते रुंद पाय सुजलेले, अंगावर ओळखीचं म्हणून फक्त तो कोट उरलेला, आणि खोकला असा की बोलणं मधेच तुटायचं. शाळा उघडली त्या सकाळी ते घंटेच्या अर्धा तास आधी आले आणि मला म्हणाले, "पट?"

मी कणगीतून काढलेले पट पुढं ठेवले. ज्वारीचे दोन-चार दाणे पानांतून पडले. मास्तरांनी ते वेचून खिडकीत ठेवले, चिमण्यांसाठी. मग काशिनाथला सांगितलं, त्या सतरांना बोलाव.

चौदा आले. तिघं अजून वऱ्हाडातच होते. मास्तरांनी त्या दिवसाचं पान उघडलं, दौतीत टाक बुडवला आणि पहिल्याच नावापुढचं हाजिर खोडून गैरहाजिर लिहिलं. बाजूला बारीक सही केली. ते पोरगं कळवळलं. "मास्तर, आता राहू द्या की. झालं गेलं. कोन बघायला येते?"

"तू त्या दिशी शाळेत व्हतास?"

"न्हाई."

"मंग हजर म्हनून काहून मिरवतोस? कुठं व्हतास ते सांग."

पोरगं खाली बघत म्हणालं, "शिंदी तोडाया गेल्तो."

मास्तरांनी शेऱ्याच्या रकान्यात ते मराठीत लिहिलं. जसं तो बोलला तसं. एरवी 'गेल्तो' लिहिणाऱ्याला बाकावर उभं करणारा हा माणूस. दुसरा म्हणाला, "कुऱ्हाड लपवाया." तेही लिहिलं. थावरा म्हणाला, "गाडी हाकली." आणि जे आले नव्हते त्या तिघांचं त्यानंच सांगितलं, कुणी किती झाडं पाडली त्या मोजणीसकट. सतरा गैरहाजिर झाले. मी त्या पोरांची तोंडं बघत होतो. मघाशी जे रडवेलं झालं होतं तेच आता पानावर वाकून आपला शेरा दुसऱ्याला बोटानं दाखवत होतं. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं, हे बघा, आमच्या मास्तरांना बघा.

मग त्यांनी शिक्षकांचा पट ओढला. शाळा बंद होती ते महिने सोडून दिले तर चाललं असतं. मी म्हटलं, "एक आडवी रेघ मारा." ते म्हणाले, "रेघ माराया मी काय सुट्टीवर गेल्तो?" आणि प्रत्येक दिवसाच्या घरात एकेक गैरहाजिर लिहीत बसले. मधे खोकला आला की टाक बाजूला धरत, शाई पानावर सांडू नये म्हणून. शेऱ्यात एकच शब्द लिहिला: कैदेत.

त्या वर्षी दहावीला गिवप आलं तेव्हा नव्या मुलांनी विचारलं, पाचव्याला कोण? मास्तरांनी खडू खाली ठेवला. "रिकामी सोडा," म्हणाले. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला नाही, पण मागच्या बाकानं सोडली.

ते त्यांचं शेवटचं गिवप. डिसेंबरच्या थंडीत खोकल्यानं त्यांना गाठलं. हकिमानं आशा सोडली तेव्हा कोंडाबाई ताक घेऊन त्यांच्या उशाशी जाऊन बसली. "ऊठ रं मास्तर, मी न्हाई का उठले?" ते हसले एवढंच.

आम्ही त्यांना शिरडला पोचवून आलो. दुसऱ्या सकाळी शाळा भरली. शिक्षकांचा पट आता माझ्याकडं आला होता. काशिनाथनं घंटा दिली आणि तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. माझा टाक मास्तरांच्या नावापुढं थांबलेला त्यानं पाहिला.

"मास्तर," तो मला म्हणाला, आणि त्या हाकेनंच मला भरून आलं, "आजचा एक दिस तरी हजर लिवा. कोन बघून राहिलं?"

मला लिहावंसं वाटत होतं. देवाशपथ वाटत होतं. काशिनाथ रडत होता, माझी अक्षरं मलाच दिसत नव्हती. मी गैरहाजिर लिहिलं आणि शाई टिपली. घंटेला ते नव्हते.